फिरंग्याचा कागद चालतो, आपली दंडाची पावती चालत नाही



मागच्या काही महिन्यांत पाड्यापाड्यांवर बैठका घेताना एक गोष्ट आम्हाला सारखी ऐकायला मिळते. "दावे-बिवे राहू द्या, एखादी खाण नाहीतर क्रशर येऊ द्या. पोरांना काम तरी लागेल. गोवा बघा, खाणींवर कसा वर आला." असं म्हणणारे कुणी बाहेरचे नाहीत. आपलेच तरुण आहेत, बारावी झालेले, आमच्याच वयाचे. भात-नागली घरात आली की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर जगायला जातात, होळीला परत येतात. त्यांच्यावर चिडून काही होणार नाही. पण गोव्याचं नाव काढलंच आहे, तर गोव्याची गोष्ट पुरती सांगायला पाहिजे. अर्धी सांगितली की तिची जाहिरात होते.

एक आधीच सांगून टाकतो. आपल्या डोंगरात लोखंड नाही. आपला दगड काळा, त्यातून खडी निघते, मुरूम निघतो. उद्या सुरगाण्यात गोव्यासारखी खाण येईल असं आम्ही म्हणत नाही. लोकांना भीती घालून गोळा करायचं काम आमचं नाही. पण डोंगरावर राहणारा माणूस एक आणि डोंगराचा कागद दुसऱ्याच्या नावावर, हे कसं घडवतात ती रीत सगळीकडे सारखीच आहे. खडी असो, धरण असो, नार-पारचं पाणी वळवायचं असो, नाहीतर लोखंड असो.

आणि फिरंगी आपल्याला नवा नाही. दमणगंगा आपल्याच दिंडोरी तालुक्यात उगवते आणि दमणला समुद्रात जाते. सेलवासकडे आपल्या कितीतरी घरांच्या सोयरिकी आहेत. तिथं, दादरा-नगरहवेलीत, १९५४ पर्यंत पोर्तुगिजांचं राज्य होतं. म्हणजे आपल्या आज्यांच्या हयातीत वारली, कोकणा, धोडिया माणूस एका डोंगराच्या अलीकडे इंग्रजाची रयत होता आणि पलीकडे फिरंग्याची. दोन्हीकडे जंगलात पाय ठेवला की कुणीतरी साहेब दंड मागायला उभा.

गोव्यात फिरंगी १५१० ला आला. १५८० ते १६४० ही साठ वर्षं पोर्तुगालला वेगळा राजाच नव्हता. स्पेनचा राजा तोच पोर्तुगालचा राजा, म्हणजे गोव्याचाही. हे सांगायचं कारण असं, की त्याच राजाच्या हाताखाली समुद्रापलीकडे दक्षिण अमेरिकेत एक डोंगर होता, पोतोसीचा. आज तो बोलिव्हिया नावाच्या देशात आहे. डोंगर खणून माणसं कशी संपवतात, ते जगाला त्या डोंगरानं दाखवलं. म्हणून आधी तिकडे जाऊन येऊ.

पोतोसी गाव एवढं उंच आहे, की कळसूबाईच्या डोक्यावर आणखी दीड कळसूबाई ठेवा, तेवढं. १५४५ साली तिथं चांदी सापडली. डोंगर तिथल्या केचुआ आणि आयमारा लोकांचा, पण स्पेनचा कायदा म्हणाला, जमिनीच्या पोटातलं सगळं राजाचं. खणणाऱ्यानं पाचवा हिस्सा राजाला द्यायचा. खणायला माणसं कुठून आणायची? तर १५७० नंतर टोलेडो नावाच्या व्हाइसरॉयनं हुकूम काढला. आजूबाजूच्या सोळा प्रांतांतल्या गावांनी दर वर्षी धडधाकट बाप्यांतला सातवा माणूस खाणीवर पाठवायचा. याला मिता म्हणत. नाव त्यांच्याच जुन्या रिवाजाचं घेतलं. पूर्वी गावकीच्या कामाला पाळीपाळीनं हात लावायचे, त्याला मिता म्हणायचे.  माणूस बायकापोरं, लामा नावाची ओझ्याची जनावरं आणि वर्षाची शिदोरी घेऊन कित्येक आठवडे चालत जायचा. खाणीत कातड्याच्या शिड्यांवरून पाठीवर दगड घेऊन वर यायचं. वर आलेला दगड कुटून त्यात पारा मिसळायचा आणि पायानं तुडवायचा. पारा अंगात जाऊन हात थरथरायला लागत, दात पडत. माणसं गाव सोडून पळायला लागली. जे राहिले त्यांच्यावर पळालेल्यांची पाळी पडायची.

सोळाशेच्या सुमाराला पोतोसी जगातल्या मोठ्या शहरांत मोजलं जायचं. लाखावर वस्ती, चर्च, नाचगाण्याचे जलसे. चांदी गेली कुठे? युरोपात गेली, चीनला गेली, आणि बरीच सुरतेलाही आली. मुघलांच्या रुपयात जी चांदी होती, त्यातली पुष्कळशी अमेरिकेच्या डोंगरांतून निघालेली. आपल्या पूर्वजांकडून ज्या रुपयात सारा मागितला जायचा, तो रुपया दुसऱ्या एका आदिवासीच्या हाडांवर पाडलेला होता. इतिहासाच्या पुस्तकात आम्ही बारावीपर्यंत 'भौगोलिक शोध' वाचले. कुणी काय शोधलं ते लिहिलेलं होतं, ते कुणाचं होतं ते नव्हतं.

१८२५ ला बोलिव्हिया स्वतंत्र झाला. मग चांदी संपत आली, कथील निघालं, आणि कथलाचे दोन-चार मालक राजापेक्षा मोठे झाले. १९५२ ला क्रांती झाली, मोठ्या खाणी सरकारजमा झाल्या. १९८५ ला जगात कथलाचा भाव कोसळला आणि वीस हजारांहून जास्त खाणकामगार एका फटक्यात घरी बसवले. आज पोतोसीचा डोंगर आतून एवढा पोखरलेला आहे, की माथाच खचायला लागला आहे. तरी माणसं अजून आत जातात, कारण त्या उंचीवर दुसरं काही उगवेल अशी सोय कुणी केलीच नाही. आत जाताना मातीच्या एका देवाला तंबाखू आणि कोकाची पानं ठेवतात. आपण वाघदेवाला नारळ ठेवतो तसं. पाचशे वर्षं खाण चाललेला तो देश दक्षिण अमेरिकेतल्या सगळ्यात गरीब देशांत आहे.

आता कुणी म्हणेल, तिथं आदिवासी राजा झाला की. झाला. २००६ साली एवो मोरालेस हे आयमारा समाजाचे शेतकरी नेते देशाचे अध्यक्ष झाले. गॅसच्या पैशातला मोठा वाटा सरकारनं घेतला, शाळकरी पोरांना, म्हाताऱ्यांना पैसे मिळायला लागले, आदिवासी भाषांना संविधानात जागा मिळाली. हे खोटं म्हणणार नाही. पण त्याच अध्यक्षांनी तिपनीस नावाच्या आदिवासींच्या जंगलातून मोठा रस्ता काढायचं ठरवलं. जंगलातले लोक २०११ मध्ये पाचशे किलोमीटरहून जास्त चालत राजधानीला निघाले, पोरंबाळं घेऊन. वाटेत पोलिसांनी त्यांना झोडपलं. देशभर गलका झाला, तेव्हा सरकारनं कायदा करून लिहून दिलं, की रस्ता होणार नाही. २०१७ मध्ये दुसरा कायदा करून तो पहिला कायदा गुंडाळून टाकला. आम्ही हे वाचलं तेव्हा आम्हाला आझाद मैदान आठवलं. तुम्हालाही आठवेल.

आता गोवा.

गोवा आपल्या नाशिक जिल्ह्याच्या पाव भागाएवढा. समुद्राकाठचे तालुके फिरंग्यानं आधी घेतले. तिथली गावकी मोडायला त्याला सोपं गेलं नाही. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी देवळं पाडणाऱ्यांना कर द्यायचं नाकारलं. १५८३ मध्ये त्यांनी पाच पाद्री आणि त्यांच्याबरोबरची माणसं मारली. रक्त सांडलं ते दोन्हीकडचं, ते लपवायचं कारण नाही. पण पुढे काय झालं ते लक्षात घ्या. गावच्या मुख्य गावकऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळणेच्या किल्ल्यावर बोलावलं आणि तिथंच कापलं. मग गावची जमीन काढून घेतली. बोलणीला बोलावलं की आपण अंगावर नवा सदरा घालून जातो, म्हणून सांगितलं.

डोंगराकडचे तालुके, सत्तरी, डिचोली, सांगे, केपे, हे फिरंग्याच्या हातात उशिरा, अठराव्या शतकात आले. सत्तरीच्या राण्यांनी पुन्हा पुन्हा बंडं केली. याच तालुक्यांत गावडा, कुणबी, वेळीप, धनगर माणूस राहतो. डोंगरउतारावर झाडी तोडून, जाळून नाचणी पिकवायचा, तिला ते कुमेरी म्हणतात. आपण राब जाळून नागली करतो त्याचाच चुलतभाऊ. सांग्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ म्हणून जागा आहे. तिथं नदीकाठच्या जांभ्या दगडावर बैल, हरणं, माणसं कोरलेली आहेत, हजारो वर्षांपूर्वीची. त्या दगडावर कुणाचा सातबारा नव्हता, पण माणूस तिथं होता.

आणि याच पट्ट्यात लोखंड निघालं.

१९०६ मध्ये पोर्तुगालनं वसाहतींसाठी खाणीचा कायदा केला. खनिज दिसलं असं कुणी कचेरीत जाऊन नोंदवलं, की त्याला सवलतपत्र मिळायचं. ते कागद कायमचे, मुदत नाही. वरची जमीन कुणाची, देवराई कुणाची, झरा कुणाचा, हे विचारायचं कुणाला? कुमेरी करणाऱ्याला पोर्तुगीज भाषेतला अर्ज कुठून यावा? कागद घेतले पणजी-मडगावच्या व्यापाऱ्यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना गोव्याची माती लागायला लागली. मग मशिनं आली, नदीत बार्जेस आल्या, मुरगाव बंदरातून जहाजं भरून जायला लागली.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. फिरंगी गेला, त्याचा गव्हर्नर गेला, त्याचं चलन गेलं. त्यानं दिलेले खाणीचे कागद मात्र गेले नाहीत. नीट वाचा. परक्या राजानं, गावाला न विचारता, कायमचे म्हणून दिलेले कागद स्वतंत्र भारतात चालू राहिले. एक वर्ष, दोन वर्षं नाही. १९८७ मध्ये संसदेनं कायदा करून ते सवलतपत्र संपवलं आणि त्याचं भारतीय लीजमध्ये रूपांतर केलं, तेही १९६१ पासून धरून. याला म्हणतात मागील तारखेपासून मान्यता! कंपन्या त्याच्याविरुद्धसुद्धा कोर्टात गेल्या, की आमचा फिरंग्याचा कागदच बरा होता. ही लीज वाढवून घेऊन घेऊन २००७ च्या नोव्हेंबरमध्ये संपली. तरी खाणी थांबल्या नाहीत. उलट चीनला लोखंडाची भूक लागलेली. पूर्वी टाकाऊ म्हणून ढीग घातलेली हलक्या प्रतीची मातीसुद्धा विकली जायला लागली. २०१०-११ ला गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांच्या आसपास खनिज एका वर्षात बाहेर गेलं. नाशिकच्या पाव भागातून.

२०१२ मध्ये न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आला. बेकायदा खाणींमुळे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचं नुकसान झालं, असा त्यांचा अंदाज. त्याच वर्षी सरकारनं आणि मग सुप्रीम कोर्टानं खाणी थांबवल्या. २१ एप्रिल २०१४ ला कोर्टानं निकाल दिला, की २००७ नंतरचं सगळं खाणकाम बेकायदा होतं. आता गंमत ऐका. पुढे लीज लिलावानं द्यायची, असा वटहुकूम केंद्रानं १२ जानेवारी २०१५ ला काढला. त्याच्या आधीच्या आठवड्यात, आणि त्या दिवशीसुद्धा, गोवा सरकारनं धडाधड जुन्याच मालकांना लीज वाढवून दिली. डझनांनी फायली एकेका आठवड्यात. शेवटी ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टानं अशी ८८ लीज रद्द केली आणि १६ मार्चपासून खाणी बंद करायला सांगितलं.

तो आठवडा आठवा. २०१८ चा मार्च. ६ तारखेला आपण नाशिकहून निघालो, १२ ला मुंबईत आझाद मैदानावर होतो. पायाची सालं निघालेल्या आयाबायांचे फोटो साऱ्या जगानं पाहिले. सरकारनं लेखी दिलं, वनदावे सहा महिन्यांत निकालात काढू. चार दिवसांनी तिकडे गोव्याच्या खाणी बंद झाल्या. लगेच तिथले पुढारी दिल्लीला चकरा मारायला लागले, खाणवाल्यांसाठी १९८७ चा कायदाच बदला म्हणून. आपल्यासाठी कुणी कायदा बदलायला दिल्लीला गेलं नाही. आपण तर बदला म्हणतही नव्हतो. आहे तो २००६ चा कायदा पाळा, एवढंच म्हणत होतो.

आता दोन कागद शेजारी ठेवून बघू.

एक कागद फिरंग्याचा. त्याच्या मागे ना ग्रामसभा, ना जुनी वहिवाट. कुणीतरी डोंगराकडे बोट दाखवलं आणि कचेरीनं शिक्का मारला. तो कागद भारतात पन्नास वर्षं माती विकत राहिला.

दुसरा कागद आपला. तुमच्या आज्याला फॉरेस्टच्या गार्डनं प्लॉट कसताना धरलं, दंड केला, पावती फाडली. सरकारच्याच शिक्क्याची पावती, वर तारीख, जागेचं नाव. तुमचा आजा त्या जागेवर कसत होता, हे सांगणारा याहून मोठा साक्षीदार कुठला? वनहक्क कायद्याचे नियम सांगतात, की अशी सरकारी कागदपत्रं पुरावा आहेत. गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कसतो आहे, एवढं दिसलं की पुरे. आदिवासीला पंच्याहत्तर वर्षं दाखवावी लागत नाहीत. ती अट इतर पारंपरिक वननिवासींना आहे. पण एका कचेरीत आमच्यासमोर साहेबानं पावती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "ही तर दंडाची आहे. म्हणजे अतिक्रमण झालं ना!" आम्ही म्हटलं, साहेब, तेच तर सिद्ध करायचंय. तो म्हणाला, उपग्रहाच्या फोटोत दिसत नाही. फोटोत पावसाळ्यातलं हिरवं आणि जंगलाचं हिरवं एकच दिसतं, हे त्याला कुणी सांगायचं? चार एकर कसणाऱ्याच्या हातात काही गुंठ्यांचा पट्टा टेकवतात आणि फोटो काढून पेपरात देतात. बाकीचे दावे 'नामंजूर', कारण लिहिलेलं नाही.

आणि १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं राज्यांना सांगितलं, ज्यांचे दावे फेटाळले त्यांना जंगलातून काढा. देशभरातली दहा लाखांहून जास्त कुटुंबं! २८ तारखेला त्याला स्थगिती मिळाली, म्हणून आज आपण बसलो आहोत. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे. खाणवाल्याचं लीज संपलं तर मागील तारखेपासून मान्यता, आपला दावा कारकुनानं चुकीचा फेटाळला तर मागच्या तीन पिढ्या बेकायदा. कायदा एकच, देश एकच. आमचं भांडण इथं आहे.

आता कामाचा मुद्दा. तो टाळून चालणार नाही, कारण पोटाचा आहे.

गोव्याच्या खाणींनी कुणालाच काही दिलं नाही, असं नाही. डिचोली-सत्तरीतल्या कितीतरी घरांनी बँकेचं कर्ज काढून ट्रक घेतले. खेपेमागे पैसे मिळत. खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक दारात गंजले आणि हप्ते चालू राहिले. २०१८ ला पणजीत रस्ते अडवणाऱ्यांत हीच माणसं होती, मालक नव्हते. कंपनीनं धोका गावाच्या गळ्यात बांधला आणि नफा स्वतःकडे ठेवला, तो असा. आता रॉयल्टी बघा. २००९ पर्यंत चांगल्यात चांगल्या लोखंडी दगडालासुद्धा सरकारला टनामागे तीस रुपयांच्या आत मिळायचे, आणि तोच दगड बाहेर हजारो रुपयांना जायचा. खाणीच्या आत तर माणसांचं काम थोडंच. एक पोकलेन दिवसात जे खोदतो त्याला पूर्वी शेकडो हात लागले असते. म्हणजे काम आलं ते ट्रकचं, आणि ट्रक खाणीबरोबर मेला. गोव्याची श्रीमंती खाणीची असती, तर २०१२ ला गोवा बुडायला पाहिजे होता. तो बुडाला नाही. बुडाली ती खाणीकाठची गावं, आणि ती आधीपासूनच बुडत होती.

कशी बुडत होती? एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती उपसून बाजूला टाकावी लागते. तिचे डोंगर होतात. पावसात ती लाल माती वाहून भातखाचरात येते, बसते, वाळली की सिमेंटसारखी घट्ट. खाण खोल जाते तेव्हा जमिनीतलं पाणी लागतं, ते रात्रंदिवस पंपानं उपसून फेकतात. मग आजूबाजूच्या विहिरी आणि झरे आटतात. डोंगर हाच आपला हंडा असतो, हे उन्हाळ्यात दोन कोस पाण्याला जाणाऱ्या बाईला सांगायला नको. मग कंपनी टँकर पाठवते आणि त्यावर मोठ्या अक्षरात आपलं नाव लिहिते. झरा होता तेव्हा त्यावर कुणाचं नाव नव्हतं.

सत्तरीत सोनशी नावाचं गाव आहे. गावातून खाणीचे शेकडो ट्रक जायचे. धुळीनं दम लागतो, पाणी नाही, म्हणून एप्रिल २०१७ मध्ये लोकांनी ट्रक अडवले. ४५ जणांना अटक झाली, त्यात बायका पुष्कळ. आई तुरुंगात, घरी पोरं. केपे तालुक्यात कावरे गावात वेळीप समाजानं वेगळीच मागणी केली. खाण चालवायचीच असेल तर गावच्या सहकारी सोसायटीकडे द्या. यावर आमच्यातच दोन मतं आहेत. काहींना वाटतं, गावाच्या हातात असेल तर ठीक. आम्हाला तसं वाटत नाही. सोसायटीनं खोदला तरी डोंगर खोदलेलाच राहतो. पण एक मान्य करावं लागेल. त्यांनी ती मागणी केली तेव्हा खरा प्रश्न उघडा पडला. तोपर्यंत सगळे पर्यावरण-पर्यावरण करत होते, मालक कोण ते कुणी बोलत नव्हतं.

आणि हे सगळं ज्यांच्या डोंगरावर झालं, ते कागदावर आदिवासीसुद्धा नव्हते. गोवा-दमण-दीवसाठी १९६८ ला अनुसूचित जमातींची यादी निघाली, त्यात धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी, वारली अशी नावं. ही माणसं बहुतेक दमणकडची. गोव्यातले गावडा, कुणबी, वेळीप यादीत यायला २००३ उजाडलं. धनगर अजून बाहेरच. २०११ च्या मे महिन्यात बाळ्ळीला आपल्या हक्कांसाठी ही माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा दोन तरुण आगीत गेले. गोव्यात पाचव्या अनुसूचीचं क्षेत्र नाही, म्हणून पेसा कायदा लागू नाही. आपल्याकडे आहे. पेठ, सुरगाणा, कळवण पूर्ण, आणि दिंडोरी, त्र्यंबक, इगतपुरी, बागलाण, नाशिक यांतली गावं. जे सोनशीच्या बाईच्या हातात नव्हतं ते आपल्या हातात आहे आणि आपण ते रजिस्टर ग्रामसेवकाच्या पिशवीत ठेवतो.

"जमिनीखालचं सरकारचं" असं कुणी सुनावलं तर त्यालाही उत्तर आहे. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका खटल्यात सांगितलं, की खाली आहे ते आपोआप सरकारचं होतं असा काही कायदा नाही, जमीन ज्याची त्याचं खालचंही. पण फसू नका. महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेत ४८ व्या कलमात खनिजं सरकारची असं लिहिलेलं आहे. म्हणून मालकीच्या वादात इथं आपण हरू. आपली ताकद दुसरीकडे आहे. गौण खनिजाचं, म्हणजे खडी-मुरूम-वाळूचं लीज द्यायचं, तर पेसा गावात ग्रामसभेची शिफारस आधी लागते. आणि वनहक्क कायद्यात जंगल राखायचा हक्क ग्रामसभेचा आहे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर वेदांत कंपनीला बॉक्साइट पाहिजे होतं. १८ एप्रिल २०१३ ला कोर्टानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या, डोंगरिया कोंध लोकांच्या. बाराच्या बारा नाही म्हणाल्या. याच वेदांतनं २००७ मध्ये गोव्याची सेसा गोवा कंपनी विकत घेतली होती. म्हणजे मालक तोच होता. एकीकडे लोकांना विचारलं गेलं, दुसरीकडे नाही.

महाराष्ट्रातही हे पोचलेलं आहे. गोव्याची लोखंडाची खाण हद्द ओलांडून दोडामार्गात कळण्याला आली. गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरावर माडिया लोकांचा ठाकूरदेव आहे, त्याच डोंगराचं लीज २००७ ला दिलं गेलं. आपल्याकडे समृद्धी महामार्गाला इगतपुरी-सिन्नरकडे किती मुरूम लागला ते जाऊन बघा, टेकड्या जिथं होत्या तिथं.

तर आता कामाचं. पुढच्या ग्रामसभेत कुठलाही ठराव आला तर तो मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, आणि सही त्यानंतर. घरोघर रजिस्टर फिरवून रात्री सह्या घेत असतील तर ती ग्रामसभा नाही, तसं तहसीलदाराला लेखी कळवा आणि पोच घ्या. कोऱ्या पानावर अंगठा देऊ नका, कितीही ओळखीचा माणूस असो. ठरावाची नक्कल मागा. पाड्याची वेगळी ग्रामसभा करायचा हक्क पेसात आहे, तो अर्ज आमच्याकडे छापलेला आहे.

दंडाच्या पावत्या, जुनी समन्सं, चावडीवरचे कागद ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ते पत्र्याखालून, कणगीमागून काढा. बऱ्याच पावत्यांना वाळवी लागली आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तालुक्याला जाल तेव्हा तीन झेरॉक्स काढा. एक घरी, एक वनहक्क समितीकडे, एक संघटनेच्या फायलीत. मूळ पावती कुणालाही देऊ नका, आम्हालाही नाही. ज्यांचा दावा फेटाळला पण लेखी आदेश मिळाला नाही, त्यांनी आधी आदेशाची प्रत मागायचा अर्ज करायचा आहे. साठ दिवसांची मुदत आदेश हातात पडल्यापासून मोजायची. नुसतं तोंडी "नामंजूर झालं" म्हणाले तर मुदत सुरूच झालेली नाही, असं त्यांना सांगा. नाव, गाव, गट नंबर आणि दाव्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून बाजाराच्या दिवशी कार्यकर्त्याकडे द्या.